फिरून आली की घरातच सू : रेस्क्यू केलेल्या छोट्या कुत्र्यांचा हा प्रॉब्लेम कसा सोडवायचा

बाहेर अर्धा अर्धा तास फिरवून आणायचं, दर चार पावलांवर थांबायचं, "कर ना गं बाई" म्हणून विनवण्या करायच्या, आणि घरी येऊन पट्टा काढला रे काढला की ही बया बाथरूमसमोरच्या पायपुसण्यावर जाऊन निवांत बसणार. वर आपल्याकडे असं बघणार की झालं बाई एकदाचं. आमच्या ठमीने हे सलग ५ आठवडे केलं. ठमी म्हणजे ४ किलोची, पॉमेरेनियन आणि अजून कशाकशाची मिसळ, वय अंदाजे ५, पिल्लं काढून विकणाऱ्या एकाच्या पिंजऱ्यातून सोडवलेली. घरी आली तेव्हा तिला जिना माहीत नव्हता, गवत माहीत नव्हतं, आणि माणसाचा हात वरून खाली आला की ती जमिनीला चिकटायची.

नंतर मी स्वतः फॉस्टर करायला लागले, म्हणजे सोडवलेली कुत्री कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला लागले, आणि ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून छोटं कुत्रं अ‍ॅडॉप्ट केलं त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिल्या महिन्यातला फोन हाच असतो, "ताई, बाहेर करतच नाही हो, घरात आल्या आल्या करते, मुद्दाम करते का?" मुद्दाम नाही करत. पण का करते ते शोधल्याशिवाय उपाय लागू पडत नाही, कारण लादीवरचं डबकं सगळ्यांचं सारखंच दिसतं आणि कारणं मात्र चार वेगवेगळी असतात. मी पहिले दोन आठवडे "तिला सवय नाहीये, लागेल हळूहळू" असं समजून वाया घालवले.

तर पहिलं काम, वही. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि चारच गोष्टी लिहा, किती वाजता, कुठे, किती, आणि त्याच्या आधीच्या १० मिनिटांत काय चाललं होतं. घरातल्या प्रत्येकाने लिहायचं, मनात ठेवून संध्याकाळी सांगायचं नाही, कारण संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची आठवण वेगळी होते (आमच्याकडे नवरा म्हणायचा दिवसातून दोनदा, सासूबाई म्हणायच्या दहादा). १० दिवसांत आमच्या २३ नोंदी झाल्या आणि त्यातल्या १९ फिरून आल्यानंतरच्या पाव तासातल्या होत्या. ते बघितल्यावर पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला की हिला ताबा नाही असं नाहीये, उलट ताबा इतका जबरदस्त आहे की ही बाहेर अर्धा तास दाबून धरते.

डॉक्टरांकडे मात्र तरीही आधी जा. रेस्क्यू केलेल्या कुत्र्याचा पूर्वीचा इतिहास आपल्याला माहीत नसतो, माद्यांमध्ये लघवीचं इन्फेक्शन बऱ्यापैकी कॉमन आहे, आणि शिह त्झू, बिशों, यॉर्की, मिनिएचर श्नाउझर अशा छोट्या जातींमध्ये मूतखडे जास्त दिसतात. सू तपासायला द्यायची असेल तर सकाळची पहिली घ्या. आता ४ किलोचं कुत्रं बसल्यावर त्याच्या खाली जागा उरते तीन बोटं, तिथे बाटली धरता येत नाही, म्हणून मी डब्याचं एक उथळ झाकण स्वच्छ धुऊन कोरडं करून ठेवलं होतं, ती बसली की दोन सेकंद थांबून मागून हळूच सरकवायचं. लगेच सरकवलं तर ती उठते. नमुना तासा-दोन तासात पोचणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. शिवाय एक दिवस पाणी मोजून ठेवा, किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर पाणी पीत असेल, म्हणजे ४ किलोच्या कुत्र्याने ४०० मिलीच्या वर, तर डॉक्टरांना नक्की सांगा, डायबेटिस, किडनी, कुशिंग (हार्मोनचा एक आजार) यांची तपासणी करावी लागते. आणि नर कुत्रा वारंवार जोर लावतोय आणि थेंबच येतायत किंवा काहीच येत नाहीये असं असेल तर पुढचं वाचत बसू नका, तसेच उठा आणि डॉक्टरांकडे न्या, खडा अडकलेला असू शकतो आणि तिथे तासांचा प्रश्न असतो.

ठमीचे रिपोर्ट स्वच्छ आले. म्हणजे प्रश्न डोक्यातला.

बाहेर का करत नाही, याची मला कळलेली कारणं अशी. एक म्हणजे पायाखाली काय आहे याची सवय. कुत्र्यांना कुठल्या पृष्ठभागावर करायचं हे पिल्लू असतानाच ठरून जातं, आणि जे जन्मापासून जाळीच्या पिंजऱ्यात नाहीतर लादीवर वाढलंय त्याला गवत म्हणजे काहीतरी ओलं, टोचणारं, पोटाला लागणारं प्रकरण वाटतं. मोठ्या कुत्र्याच्या घोट्याला लागणारं गवत छोट्याच्या पोटाला लागतं हे आपण विसरतो. दुसरं म्हणजे भीती. बसलेल्या अवस्थेत कुत्रं पळू शकत नाही, त्यामुळे जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे ते बसतच नाही, आणि आपल्या पोटरीच्या उंचीवरून जग बघा एकदा, नुसती चाकं आणि बूट दिसतात. घाबरलंय का हे ओळखायची माझी साधी टेस्ट म्हणजे उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. घरात जे झडप घालून खाते तेच बाहेर नाकासमोर धरलं तरी तोंड फिरवत असेल तर ती इतकी घाबरली आहे की खाणं सुचत नाहीये, तिथे सू कुठून सुचणार? शेपटी पोटात, एक पाय उचललेला, सारखी ओठांवरून जीभ, हे बाकीचे इशारे.

तिसरं कारण ऐकायला वाईट वाटतं. आधीच्या घरात किंवा आपल्याच घरात पहिल्या आठवड्यात कोणीतरी ओरडलेलं असतं. आपल्याला वाटतं की "इथे करू नकोस" हे शिकवलं, कुत्रं शिकतं की माणसासमोर केलं की माणूस चिडतो. मग ते सोफ्याच्या मागे जाऊन करतं, आणि बाहेर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आपण उभेच, तिथे कसं करणार! जे ओरडतात त्यांचीच कुत्री बाहेर दाबून धरतात असं मी अनेकदा बघितलंय. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी आपटणं वगैरे जे जुने सल्ले कोणी देतील ते ऐकून घ्या आणि सोडून द्या.

चौथं म्हणजे आपली घाई. केलं की लगेच "चला घरी". हुशार कुत्र्याला चार दिवसांत कळतं की केलं की फिरणं संपतं, मग ते लांबवत नेतं.

आता आम्ही काय केलं ते. फिरवणं बंद केलं. म्हणजे सूसाठीचं फिरवणं बंद. बिल्डिंगच्या मागे मातीचा एक कोपरा आहे, भिंतीच्या आडोशाला, रस्ता दिसत नाही, तिथेच दर वेळी जायचं आणि तिथेच थांबायचं. सकाळी ५:४० ला, कारण ६ नंतर गाड्या सुरू होतात. पट्टा साधारण ४ मीटरचा घेतला म्हणजे तिला माझ्यापासून लांब जाता येईल, आणि मी तिच्याकडे पाठ करून उभी राहायचे, बोलायचं नाही, बघायचं नाही, फोनवर तर अजिबातच नाही कारण फोनचा उजेड पडला की ती दचकायची. (हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, घालाच, नुसता गळपट्टा नको, छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते आणि घाबरलेलं कुत्रं मागे सरकून मान सहज काढून घेतं. पहिले काही आठवडे मी हार्नेसला एक आणि गळपट्ट्याला एक असे दोन पट्टे लावते, हसतात लोक, हसू देत.)

आणि पायपुसणं. हीच खरी युक्ती, आणि ती मला सासूबाईंनी सुचवली, त्या वैतागून म्हणाल्या, "तिला ते पायपुसणंच हवंय तर ते पायपुसणंच ने ना बाहेर!" नेलं. न धुतलेलं, तिच्या वासाचं, तसंच मातीवर अंथरलं. पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी ती त्याच्याभोवती दोन चकरा मारून उभी राहिली, एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा माझ्या पाठीकडे (हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, श्वास रोखून), आणि बसली. जेमतेम ३ सेकंद. मग आम्ही ते पायपुसणं कात्रीने कापत गेलो, आधी अर्धं, दर ४-५ दिवसांनी आणखी लहान, शेवटी तळहाताएवढा तुकडा उरला होता आणि ती तुकड्याच्या शेजारी मातीवरच करत होती, आणि एक दिवस तो तुकडा वाऱ्याने गेला तरी तिला पत्ता लागला नाही.

मधल्या काळात ज्या वेळेला काहीच व्हायचं नाही त्या वेळेचं काय, तर नियम असा की १० मिनिटं थांबायचं, नाही केलं तर घरी यायचं पण तिचे पाय घरातल्या जमिनीला लागू द्यायचे नाहीत. उचलूनच आणायचं आणि मांडीवर घेऊन बसायचं, किंवा पट्टा कमरेला बांधून अगदी जवळ ठेवायचं, १५-२० मिनिटं, मग परत बाहेर. छोट्या कुत्र्याचा हा मोठा फायदा, लॅब्राडॉर असा मांडीवर घेऊन बसता येत नाही. सलग तीन फेऱ्या झाल्यात माझ्या कधी कधी. कंटाळा येतो, पण घरात "चुकून" करायची संधीच मिळाली नाही तर बाहेरची एक तरी वेळ आपल्या पदरात पडते, आणि ती पडल्यावर बक्षीस देता येतं.

बक्षिसाचं सांगते, इथे आमची एक गंमत झाली. बाहेर पहिल्यांदा केलं हे कळल्यावर लेक दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर उठून आली, आणि ठमी बसली रे बसली की हिने "येएए!" करून टाळ्या वाजवल्या. ठमी अर्ध्यात उठली, शेपूट घातली, आणि उरलेली सू घरी येऊन केली. तेव्हा पूर्ण होईपर्यंत गप्प. ती उठून दोन पावलं पुढे आली की हलक्या आवाजात "शाब्बास", आणि सेकंद-दोन सेकंदांत तुकडा तोंडात, म्हणजे तुकडा खिशात सुटाच हवा, घरी येऊन डबा उघडून दिला तर तिच्या हिशोबाने ते घरी आल्याचं बक्षीस. आणि मग लगेच घरी यायचं नाही, ५-१० मिनिटं तिला हुंगू द्यायचं, जे फिरायचंय ते आता.

वेळा कुठल्या, तर उठल्यावर, खाल्ल्यानंतर १५ ते ३० मिनिटांत, खेळून झाल्यावर, झोपण्याआधी, आणि सुरुवातीला दिवसा दर २-३ तासांनी. पिल्लू असेल तर वयाचे महिने अधिक १ इतके तास हा ढोबळ हिशोब, तोही जास्तीत जास्त. पाणी तोडू नका, कोणीतरी हमखास सुचवतं. तसं ४ किलोच्या कुत्र्याची दिवसभराची सू साधारण १०० ते २०० मिली, म्हणजे एका वेळचं डबकं इतकं छोटं की सोफ्यामागे आठवडाभर कळत नाही, आणि तोवर वासाने ती जागा पक्की होते.

म्हणून साफसफाई. मी आधी फिनेलने पुसायचे आणि घर चकाचक समजायचे. आपल्या नाकाला फिनेल येतं, तिच्या नाकाला त्याच्या खालचं सगळं येतं, शिवाय फिनेल पायाला लागून चाटलं जातं ते वेगळंच दुखणं. अमोनियावाले क्लीनर नकोत, सूमध्येही तसाच वास असतो. ब्लीच ओल्या सूवर ओतू नका, त्रासदायक वाफा निघतात. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं पाळीव प्राण्यांसाठी, ते वापरा, पण फवारून लगेच पुसू नका, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या, एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. आणि त्याआधी तिथे दुसरं काही जंतुनाशक मारू नका, त्याने एन्झाइमच निकामी होऊ शकतं. एका रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवला तेव्हा कळलं की पलंगाच्या मागच्या पायाशी जुने डाग आहेत, तीन. तिघांचा एकमेकांवर आरोप करून झाला, मग पुसले.

पॅडबद्दल, म्हणजे घरात अंथरायच्या सू शोषणाऱ्या चौकोनी तुकड्याबद्दल, लोक फार भांडतात. माझं मत, छोट्या कुत्र्याला कायमचं पॅड चालतं, विशेषतः म्हातारं असेल, तुम्ही उंच मजल्यावर असाल किंवा तुम्हालाच उतरता येत नसेल तर, त्यात काही कमीपणा नाही. पण मग पायपुसणी, छोटे गालिचे उचलून ठेवा, कारण पायाला दोन्ही सारखीच लागतात आणि "हे चालतं, ते नाही" हा फरक तिला कोणी समजावणार? क्रेटचं, म्हणजे घरात ठेवायच्या दाराच्या पिंजऱ्याचं, मात्र जपून. साधारणपणे कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही यावर क्रेटचं ट्रेनिंग उभं आहे, आणि पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्र्याची ती जाणीवच नाइलाजाने मोडलेली असते, त्याला घाणीतच झोपावं लागलेलं असतं. असं कुत्रं क्रेटमध्ये करत असेल तर कोंडू नका. ठमीला तर क्रेटचं दार लागल्याचा आवाज आला तरी थरथर व्हायची, आम्ही दोन दिवसांत तो माळ्यावर टाकला.

तुमच्या वहीत वेगळंच काही दिसत असेल तर थोडक्यात. उभ्या वस्तूवर, सोफ्याच्या कोपऱ्यावर, पिशवीवर, थोडी थोडी, तंगडी वर करून, तर ते मार्किंग आहे, म्हणजे आपल्या वासाची खूण सोडणं. नर असेल आणि नसबंदी झाली नसेल तर ती करून फरक पडतो, मात्र जुनी सवय असली तर पूर्ण जाईलच असं नाही. पोटाला बांधायचे बेल्ट मिळतात, त्याने सोफा वाचतो, सवय जात नाही, आणि ओला बेल्ट तसाच राहिला तर पुरळ येतं. तुम्ही घरी आल्यावर, कोणी वाकून हात लावल्यावर, कान मागे आणि अंग चोरून थेंब थेंब होत असेल तर ती नम्रता दाखवतेय, त्यावर चिडलात की आणखी होणार. आल्यावर दहा मिनिटं तिच्याकडे लक्षच देऊ नका, मग बाजूला तोंड करून खाली बसा, ती येईल, छातीखाली खाजवा, डोक्यावरून हात नको. पाहुण्यांनाही दारातच सांगा, ऐकत नाहीत ते वेगळं. आणि झोपेत अंथरूण ओलं होत असेल, उठल्यावर तिलाच आश्चर्य वाटत असेल, तर ट्रेनिंगचा काही संबंध नाही, नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये असं गळणं होतं, त्यावर औषध आहे, डॉक्टरांना विचारा.

आणि हा प्रॉब्लेम परत परत येतो, एकदा सुटला की सुटला असं होत नाही. रेस्क्यूवाले ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा अंदाज सांगतात, ३ दिवस बावरलेलं, ३ आठवड्यांत रुटीन कळतं, ३ महिन्यांत घर आपलं वाटतं. अंदाजच आहे तो, ठमीला ५ महिने लागले. मधेच फटाके वाजले, पाहुणे राहून गेले, फर्निचर हललं, तुम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलात की गाडी परत मूळपदावर. त्या वेळी नवीन काही शोधत बसू नका, तोच कोपरा, तोच लांब पट्टा, तीच मांडीवरची १५ मिनिटं, चार-पाच दिवसांत परत बसतं, पहिल्याइतका वेळ लागत नाही. पण दोन-तीन महिने सगळं छान चालू असताना काही कारण नसताना अचानक सुरू झालं, किंवा ती सारखी सारखी बसतेय आणि थोडीच येतेय, तर वही नंतर, आधी तपासणी. आमच्याकडे आठव्या महिन्यात असंच झालं, मी आपली पायपुसणं शोधत बसले, आणि तिला इन्फेक्शन निघालं.

ठमी आता सकाळी स्वतः दाराशी जाऊन नाकाने हार्नेस ढकलते. पावसात मात्र अजूनही दारातून बाहेर बघते, माझ्याकडे बघते, आणि वळून आत जाते. तेवढ्या दिवसांपुरतं बाथरूममध्ये एक पॅड टाकते मी, आणि पायपुसणं उचलून ठेवते.